‘माका’पासून ‘आय’पर्यंत : गाण्यांतून इंग्रजी शिकण्याचा आढावा

देवगडजवळच्या जामसंड्यातल्या माणसाला हिंदी कोणी शिकवली, हे मी भेटेल त्याला विचारत असतो. आंब्याच्या मोसमात पेट्या भरणारी पोरं, देवगड स्टँडवरचे रिक्षावाले, साठी ओलांडलेल्या काकी. हिंदीच्या गुरुजींचं नाव आजवर एकानेही घेतलेलं नाही. ‘शिकवतलो कोण? गाणी आयकान आयकान इली,’ हे उत्तर ठरलेलं.

आता त्याच घरांतून दुसरा प्रश्न येतो. पोरगा दिवसभर कानात बोंडं घालून इंग्रजी गाणी ऐकतो, त्यातून त्याला इंग्रजी येईल काय? जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं, स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं, आणि नांदगाव तिठ्यावरून देवगडकडे येणाऱ्या एसटीच्या मागच्या बाकावर जगभरची गाणी शब्दांसकट येऊन बसली. आईबापांना वाटतं वेळ वाया जातोय. पोराला वाटतं आपण शिकतोय. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण इंग्रजीकडे जाण्याआधी हिंदीचा हिशेब करू, कारण गाण्यांतून भाषा शिकण्याचा प्रयोग आपण एकदा करून बसलो आहोत.

१९५२ साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे मराठी माणूसच, यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी ३ डिसेंबरला अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सरकारला उशिरा शहाणपण सुचलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला ‘विविध भारती’ आली. घरात मालवणी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि ओटीवरच्या रेडिओत हिंदी, अशा तीन भाषांत कोकणातली एक अख्खी पिढी वाढली.

त्या हिंदीचं काय झालं? समजायला उत्तम लागली. बोलायची भीड गेली. उच्चार बरे झाले. दिल, जिगर, सनम, बेवफा हे शब्द आमच्याकडे उधारीला पुरतील एवढे झाले, मात्र बँकेतला अर्ज भरायला लागणारा एकही आला नाही. आणि व्याकरण? आमचा माणूस अजून ‘चाय अच्छा था’ म्हणतो, कारण चहा मराठीत ‘तो’ आहे आणि हिंदीतली चाय ‘ती’ आहे. तो ‘मैं खाना खाया’ म्हणतो, कारण मराठीत ‘मी भात खाल्ला’ म्हणताना मीला ‘ने’ लागत नाही. ‘मैंने’ हा शब्द हिंदी गाण्यांत त्याच्या कानांवर हजारो वेळा पडला असेल. चालीसकट पाठ आहे. तरीही स्वतःचं वाक्य करायची वेळ आली की ‘ने’ गळतो. गाण्याने कान तयार केला, वाक्य तयार केलं नाही. माझ्या मते इंग्रजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

पद्यातून शब्द शिकवायची कल्पना आपल्याला नवी नाही. अमरकोश म्हणजे पद्यातला शब्दकोश, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी तो घोकला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडिताने केलेला ‘राजव्यवहारकोश’ फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देतो, तोही श्लोकांतून. रामाची रूपं आपण तालातच म्हटली. इंग्रजीच्या बाबतीत मात्र मराठी माणसाने ताल सोडला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हाती धरली. मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा. इंग्रजी घ्या, मराठी करा. त्या पद्धतीने अर्ज लिहिणारे उत्तम कारकून दिले. पण बोलायला लागलं की ते ‘तर्खडकरी इंग्रजी’ ठरायचं, आणि हा शब्दप्रयोग आपण कौतुकाने वापरत नाही.

याच आडनावाच्या एका मराठी मुलीची गोष्ट इथे आठवते. १८७८ साली विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना इंग्रजी संभाषणाचा सराव व्हावा म्हणून मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवलं होतं. शिकवायचं काम डॉक्टरांच्या कन्येकडे, अन्नपूर्णेकडे आलं. विद्यार्थ्याने तिला ‘नलिनी’ हे नाव दिलं आणि ते कवितेत गुंफलं. इंग्रजीच्या शिकवणीतून गाणं निघाल्याचं हे उदाहरण. आपला प्रश्न उलटा आहे.

संशोधकांनी या उलट्या प्रश्नाला बऱ्याच बाजूंनी हात घातला आहे. स्टीफन क्रॅशेन यांनी १९८३ मध्ये ‘डोक्यातला कल्लोळ’ ही कल्पना मांडली: परकी भाषा भरपूर ऐकली की ती मनात आपोआप घुमत राहते. टिम मर्फी यांनी पुढे म्हटलं की गाणं तर डोक्यात मुद्दाम न बोलावता चिकटून बसतं, आणि हा फुकटचा सराव आहे. त्यांचं १९९२ चं विश्लेषण मला सगळ्यांत उपयोगी वाटतं. लोकप्रियतेच्या यादीतली ५० इंग्रजी गाणी घेऊन त्यांनी शब्द मोजले. सापडलं असं: शब्द सोपे, पुन्हा पुन्हा येणारे, बोलण्यापेक्षा पुष्कळ संथ गतीने म्हटलेले, ‘मी’ आणि ‘तू’ यांनी भरलेले, आणि स्थळकाळाचा पत्ता बहुधा नसलेले. कोण बोलतंय, कुणाशी, कुठे, कधी, काही सांगितलेलं नसतं. म्हणून ऐकणारा स्वतःला त्या ‘मी’त बसवतो आणि मनातल्या कुणाला तरी त्या ‘तू’त. जामसंड्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाला पाठ्यपुस्तकातला ‘मिस्टर ब्राऊन’ कधीच आपला वाटला नाही, गाण्यातला ‘मी’ लगेच वाटतो, यात नवल नाही.

वांडा वॉलेस यांच्या १९९४ च्या प्रयोगांतून एक बारीक गोष्ट कळली. चालीवर म्हटलेले शब्द जास्त लक्षात राहतात, पण तीच चाल कडव्यामागून कडव्यात परत आली तर. एकदाच ऐकलेल्या चालीचा फायदा दिसला नाही. जात्यावरची ओवी, अभंग, आरती यांना हा नियम कोणी शिकवला नव्हता. भजनाच्या डबलबारीला बसलेला प्रेक्षकही तो जाणतो: बुवांनी सिनेमाच्या ओळखीच्या चालीवर नवे शब्द टाकले की ते शब्द दुसऱ्या दिवशी वाडीत फिरतात. २००८ मध्ये डॅनिएल शॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की निरर्थक अक्षरांची सलग माळ गाऊन ऐकवली तर तिच्यातले ‘शब्द’ वेगळे ओळखणं सोपं जातं. एडिंबरोमध्ये कॅरन लडकी आणि सहकाऱ्यांनी ६० प्रौढांना पंधरा मिनिटं हंगेरियन वाक्यांश शिकवले. काहींनी ते नुसते बोलून, काहींनी तालात बोलून, काहींनी गाऊन. गाणाऱ्यांना ते चांगले आठवले. हा निबंध २०१४ चा.

हे सगळं वाचून हुरळून जायचं कारण नाही. यांतलं काहीही नवं वाक्य रचण्याबद्दल नाही. ऐकू येणं, सुटं करणं, आठवणं इथवर गाणं पोचवतं. आपल्या हिंदीचा अनुभवही तेच सांगतो.

मात्र व्याकरणाचा एक कोपरा असा आहे, जिथे इंग्रजी पॉप गाणं मराठी मुलाच्या नेमक्या दुखण्यावर बोट ठेवतं. आमच्या भाषेत मन चालतं ते ‘माका’ने. माका आवाडता, माका होया, माका वाटता, माका आठावता. प्रमाण मराठीतही तसंच: मला आवडतं, मला हवं, मला वाटतं, मला आठवतं. आवडण्याची, हवंसं वाटण्याची गोष्ट आपल्यावर येऊन पडते. आपण कर्ते नसतो. ‘मला हापूस आवडतो’ या वाक्यात क्रियापद हापूसच्या मागे धावतं, माझ्या नाही. इंग्रजीत या सगळ्यांना मी कर्ता व्हावं लागतं: आय लाइक, आय वॉन्ट, आय फील, आय रिमेंबर. भाषांतर करत शिकलेला मुलगा इथे हमखास अडखळतो. त्यात आमचा ‘मी’ म्हणजे त्यांचा ‘आय’ आणि त्यांचा ‘मी’ म्हणजे आमचा ‘मला’. देवनागरीत लिहिल्यावर ‘मी लाइक मँगो’ हे वाक्य दिसायला किती बरोबर दिसतं पाहा.

आणि पॉप गाण्यात दुसरं असतं काय? हवंय, आवडतंय, वाटतंय, आठवतंय. मर्फींनी मोजलेले ते सगळे ‘आय’ आणि ‘यू’ म्हणजे ‘माका’चा ‘आय’ करण्याची तालीमच. हा सराव कोणतंही पाठ्यपुस्तक इतक्या वेळा देऊ शकणार नाही, कारण एवढं हवंय-हवंय छापणं कोणत्याही मंडळाला शोभणार नाही.

त्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की मी-तूच्या या बंद खोलीत तिसरा माणूस फारसा येत नाही. इंग्रजीतला तृतीयपुरुषी ‘एस’, जो दहावी झालेल्या मुलाच्याही तोंडातून सुटतो, तो या गाण्यांतून पुरेसा मिळत नाही. बीटल्सचं १९६३ चं ‘शी लव्हज यू’ हा सुखद अपवाद. शीर्षकातच ‘एस’ आहे. या गाण्यात ‘या’ऐवजी नीट ‘येस’ म्हणा, अमेरिकन बोलणं पुरे झालं, असं पॉल मॅकार्टनीच्या वडिलांनी सुचवलं होतं. पोरांनी ऐकलं नाही. बापांची तक्रार लिव्हरपूलमध्येही तीच होती.

काळांसाठी गाण्यांची नुसती शीर्षकंसुद्धा कामाला येतात. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं १९७१ चं ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ म्हणजे प्रेझेंट परफेक्टचा प्रश्न. कोकणातल्या माणसाला हा प्रश्न विचारावा, हा विनोद वेगळा. यू टूचं १९८७ चं ‘आय स्टिल हॅवन्ट फाउंड व्हॉट आयॅम लुकिंग फॉर’ या एका शीर्षकात परफेक्ट आणि कंटिन्युअस दोन्ही बसलेत. बियॉन्सेचं २००८ चं ‘इफ आय वर अ बॉय’ तर ‘वॉज’ऐवजी ‘वर’ का, हे विचारायची आयती संधी. दहावीच्या व्याकरणात मुलं ‘नो सूनर… दॅन’ने वाक्यं फिरवत बसतात. ही रचना मी अजून एकाही गाण्यात ऐकलेली नाही, आणि खरं सांगायचं तर कुणा माणसाच्या तोंडूनही नाही.

गाणं हरतं ते ‘अ’ आणि ‘द’पाशी. मराठीत उपपद नाही, त्यामुळे ते कुठे घालायचं हे आपल्याला जन्मभर अंदाजानेच ठरवावं लागतं. गाण्यात हे शब्द ठोक्यावर न येता दोन ठोक्यांमधल्या फटीत सरकतात. गायक ते गिळतो, आपण ऐकत नाही. जे ऐकूच येत नाही ते शिकणार कसं? इथे छापील शब्द डोळ्यांसमोर लागतात.

ठोक्याचं मात्र गाण्याइतकं चांगलं शिक्षण दुसरं नाही. आपलं वृत्त लघु-गुरूवर चालतं, इंग्रजीचं आघातावर. आपण प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो, म्हणून आपलं इंग्रजी सपाट वाटतं. ‘हॉटेल’ हा शब्द घ्या. मुंबई-गोवा महामार्गावर दर किलोमीटरला पाटी आहे, आणि आपण जोर दिलाच तर ‘हॉ’वर देतो. ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ एकदा ऐकलं की कळतं, जोर ‘टेल’वर आहे. चाल तो जोर चुकवू देत नाही. अर्थाचाही धडा त्यातच: आपल्या हॉटेलात मिसळ आणि भजी मिळतात, राहायची सोय नसते, गाण्यातल्या हॉटेलात माणसं मुक्कामाला येतात.

शब्द एकमेकांत मिसळतात तीही व्याकरणातली संधीच, फक्त न लिहिलेली. ‘गोइंग टू’चं ‘गॉना’, ‘वॉन्ट टू’चं ‘वॉना’. आपल्याकडे संधी लिहून दाखवतात आणि तिचे नियम घोकून घेतात. इंग्रज ती तोंडात करतात आणि कागदावर नाकबूल करतात. गाणी ऐकलेल्या मुलाला हे फोडता येतं, नुसतं पुस्तक वाचलेल्याला येत नाही. पण मग तोच मुलगा निबंधात ‘वॉना’ लिहितो आणि गुण जातात.

चुकीचं इंग्रजी गाण्यांतून शिरतं, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’च्या पूर्ण शीर्षकात दोन नकार आहेत. बॉब डिलनच्या १९६९ च्या ‘ले लेडी ले’मध्ये ‘लाय’च्या जागी ‘ले’ आहे. मॅकडोनल्ड्सच्या २००३ पासूनच्या ‘आयॅम लव्हिन इट’ या जाहिरातगीतात ‘लव्ह’ला ‘इंग’ लावायची नेमकी तीच चूक आहे, जिच्यावरून भारतीय इंग्रजीला हसतात. याहून मोठी गंमत मॅक्स मार्टिन यांची. नव्वदीनंतरची असंख्य अमेरिकन यशस्वी गाणी या स्वीडिश माणसाने लिहिली. ब्रिटनी स्पीअर्सच्या १९९८ च्या पहिल्या गाण्यातला ‘हिट’ हा शब्द त्यांनी ‘फोन कर’ अशा समजुतीने वापरला, असं सांगतात. बॅकस्ट्रीट बॉइजच्या १९९९ च्या ‘आय वॉन्ट इट दॅट वे’ला धड अर्थ लागत नाही, हे खुद्द गाणाऱ्यांनीही मान्य केलंय. ‘आबा’ हा बँड स्वीडनचा, ‘बार्बी गर्ल’वाले अ‍ॅक्वा डेन्मार्कचे, ‘डायनामाइट’वाले बीटीएस कोरियाचे. ज्या इंग्रजीला आपण साहेबाचं समजून घाबरतो, तिच्यावर आपल्यासारख्याच परक्यांनी कब्जा केलाय, हे मुलांना सांगितलंच पाहिजे. भीती अर्धी उतरते.

कधी कधी तर भाषाच इंग्रजी नसते. ‘मॅकारेना’ वरातीत नाचून झालं, ते मुळात स्पॅनिश. ‘वाका वाका’चं धृपद कॅमेरूनहून आलेलं. अर्थ न कळता म्हणण्याचे धोकेही आहेत: द पोलीसचं १९८३ चं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ जगभर लग्नांत वाजतं, आणि ते पाळत ठेवणाऱ्या माणसाचं गाणं आहे असं लिहिणारा स्टिंग सांगून थकला. स्नेहसंमेलनात सहावीच्या मुली एखाद्या इंग्रजी गाण्यावर नाचतात आणि पहिल्या रांगेतले पाहुणे टाळ्या वाजवतात, तेव्हा शब्द कोणी वाचलेले नसतात. वाचले असते तर पडदा पडला असता.

चुकीचं ऐकण्याला इंग्रजीत एक नावही आहे, ‘माँडेग्रीन’. सिल्व्हिया राइट यांनी १९५४ मध्ये ते एका लेखात दिलं. लहानपणी ऐकलेल्या पोवाड्यासारख्या काव्यातली शेवटची अक्षरं त्यांना एका बाईचं नाव वाटली होती. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. गणपतीत घराघरांत ‘संकटी’चं ‘संकष्टी’ होतं, ‘फणिवर’चं ‘फळीवर’ होतं, आणि आजोबा दरवर्षी रागावतात. या चुकांकडे मी खजिना म्हणून पाहतो. मुलाने काय ऐकलं हे कळलं की त्याला काय ऐकू येत नाही तेही कळतं.

कोणती गाणी घ्यावीत? जुन्यांतले जिम रीव्हज संथ आणि स्वच्छ. कारपेंटर्समधल्या कॅरनचा उच्चार असा की प्रत्येक शब्द वेचून घ्यावा. आपल्या बाजूचेही आहेत. साडी नेसून, कपाळाला मोठं कुंकू लावून इंग्रजी गाणाऱ्या उषा उथुप मुंबईत वाढल्या. शेजारच्या गोव्यातल्या शिवोलीचे रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ काढलं. ते इंग्रजी आपल्या कानांना परकं वाटत नाही. ‘ज्युली’मधलं १९७५ चं प्रीती सागर यांनी गायलेलं पूर्ण इंग्रजी गाणं हरीन्द्रनाथ चट्टोपाध्यायांनी लिहिलं होतं. आणि क्वीनचे फ्रेडी मर्क्युरी, मूळचे फारूख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड काढला. साताऱ्याच्या डोंगरात, दूर कुठे नाही.

शाळेत हे शिरणार कसं? मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. लहान वर्गांच्या बालभारतीत हावभावाची गाणी आहेत, मुलं ती आनंदाने म्हणतात. पुढे इयत्ता वाढत जाते तसं गाणं आटतं. कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात अव्वल असतो, आणि त्याच निकालातली मुलं मुंबईत मुलाखतीला गेली की इंग्रजीत तोंड उघडत नाहीत. ‘सैराट’मधली आर्ची समोरच्याला इंग्रजीत सांगू का म्हणून दरडावते, तेव्हा थिएटर हसतं ते उगाच नाही. इंग्रजी ही आपल्याकडे अजून धमकी आहे.

ज्यांनी गाणं वर्गात आणलं, ते बहुधा गाळलेल्या जागा भरायला देतात. माझी सूचना वेगळी आहे. छापील कागद आधी देऊच नका. गाणं तीनदा वाजवा आणि मुलांना जसं ऐकू येईल तसं देवनागरीत लिहायला सांगा. आपली लिपी उच्चाराप्रमाणे लिहिते. स्पेलिंगच्या भीतीशिवाय कान काय टिपतो, ते जसंच्या तसं कागदावर येईल. मग खरे शब्द द्या, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बोला: ‘द’ कुठे गळला, ‘एस’ कुठे गेला, कुठे संधी झाली. मग तेच मालवणीत करून घ्या, म्हणजे ‘माका’ आणि ‘आय’ समोरासमोर येतील. आणि शेवटी गाण्यातलं एक वाक्य मोडून प्रत्येकाने स्वतःचं नवं करावं. हिंदीच्या वेळी राहून गेलं ते हेच शेवटचं पाऊल. चाळीस मिनिटांचा एक तास आणि एक स्पीकर, एवढाच खर्च.

देवगड तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती आहे, जूनमध्ये शाळा उघडली की एकदा करून पाहा. पहिलं गाणं ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ घ्या. मात्र पत्र्यावर पावसाचा आवाज फार असेल, तर स्पीकर थोडा मोठा आणा.